अकोल्याचं कपाट, रत्नागिरीची हवा

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका ४६ वर्षांच्या, बँकेत नोकरीला आहेत. बढतीबरोबर अकोल्याहून रत्नागिरीला बदली झाली आहे आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात रुजू व्हायचं आहे. मुलगा बारावीला, त्यामुळे तो, यजमान आणि सासूबाई अकोल्यातच राहतील, या एकट्याच जातील. कपाटात ८४ साड्या आहेत. बहुतेक जाड सुती आणि खळ केलेल्या, बँकेत त्यांची ओळखच ती. शिवाय आईच्या दोन करवती काठाच्या टसर आणि एक पैठणी. यजमान म्हणतात, "इथे ४५ डिग्रीत दिवस काढलेस, तिथे तर ३२-३३च असतं. आहे तेच घेऊन जा." जाऊबाई म्हणतात, "कोकणात सुती कपडा टिकत नाही, सगळं सिंथेटिक घे." अकोल्यात धुण्या-वाळवण्याचं सासूबाई बघतात. पत्रलेखिकेने २५ हजार रुपये बाजूला काढले असून जाण्याआधीच सगळी खरेदी उरकायचा विचार आहे. काय न्यावं, काय घ्यावं, काय देऊन टाकावं, या वयात आणि अधिकारी म्हणून गेल्यावर कुर्ते घालावेत का, आणि पहिल्या दिवशी काय नेसावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

साड्यांचा हिशेब तुम्ही अगदी चोख दिलाय. एक गोष्ट मात्र पत्रात कुठेच सापडली नाही. दोरीवरचे कपडे पाऊस आला की काढणार कोण? अकोल्यात सासूबाई घरी असतात. रत्नागिरीत तुम्ही सकाळी नऊ-साडेनऊला कुलूप लावाल आणि संध्याकाळी सातला उघडाल. मधल्या वेळात सर चार वेळा येऊन जाईल. जे काही न्याल ते एकट्या बाईला धुता, पिळता, वाळवता आलं पाहिजे. मला वाटतं, तुमच्या सगळ्या प्रश्नांची सुरुवात इथून करावी.

आता यजमानांचं म्हणणं बघू. आकडे त्यांचे बरोबर आहेत. मेमध्ये अकोला ४५च्या आसपास तापतं आणि रत्नागिरी ३३च्या आगेमागे असतं. पण तुमच्या घरात कूलर असेलच. मेमध्ये तो खोली गार करतो आणि जुलैत, बाहेर झड लागलेली असताना, तोच कूलर लावला की अंग चिकट होतं, म्हणून तो बंद करून ठेवतो आपण. बाहेरची हवा कोरडी असली तरच पाणी उडून जातं आणि गारवा देतं. हवा आधीच ओलीने भरलेली असेल, तर पाण्याला जायला जागाच राहत नाही. आपला घाम हासुद्धा अंगावरचा कूलरच आहे. अकोल्यात घाम येतो कधी आणि उडतो कधी, कळत नाही. समुद्रकाठी तो वाहतो, ब्लाउजमध्ये मुरतो आणि तिथेच राहतो. त्यामुळे ३३ डिग्रीतही तिथे तुम्हाला अकोल्यापेक्षा जास्त कासावीस व्हायला होईल, खास करून पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत पोचताय.

अकोल्यात आपण उन्हापासून अंग झाकायला कपडे घालतो. लांब बाह्या, डोक्या-तोंडाला दुपट्टा, जाड सुती साडी, सगळं उन्हाच्या झळा अडवायला. रत्नागिरीत वारा अंगाला लागू देणारे कपडे लागतात. आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागला की दुसरी अडचण सुरू होते. अकोल्यात वर्षभरात साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तेवढा एकट्या जुलैत पडू शकतो, आणि वर्षाचा आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. त्या दिवसांत कपडा वाळतच नाही. तो नुसता कमी ओला होतो.

म्हणून कपडा निवडताना थंड की गरम, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो किती वेळात वाळतो, एवढंच विचारा.

या प्रश्नावर जाऊबाई अर्ध्या बरोबर ठरतात. सुती धागा साध्या हवेतसुद्धा वजनाच्या सुमारे आठ टक्के ओल धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून पॉलिएस्टर पटकन वाळतं. पण तेच कारण अंगावर आडवं येतं. घाम टिपला जात नाही, कपडा पाठीला चिकटतो, काखेत वास धरतो आणि मानेवर घामोळं उठतं. सगळं कपाट सिंथेटिक केलंत तर धुणं सोपं होईल आणि दिवस अवघड जाईल. सुती सोडायचं नाही, जाड सुती सोडायचं. मलमल, कोटा डोरिया, पातळ लिनन किंवा सुतात थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं कापड, हे तुमच्या कामाचं. रेयॉन आणि व्हिस्कोस दुकानात हाताला गार लागतात म्हणून लोक भुलतात. पावसाळ्यात ती घेऊ नका. भिजली की जड होतात, लोंबतात आणि वाळायला सुतापेक्षाही जास्त वेळ घेतात.

दुकानदाराच्या किंवा माझ्या शब्दावर जाऊ नका. घरीच करून बघा. एक जाड साडी, एक मलमलची, एक अस्तराचा ब्लाउज आणि एक परकर धुऊन घट्ट पिळा. बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली ठेवा, त्यात हे सगळं टांगा आणि दार लावून घ्या. सकाळी उठून हात लावा. अकोल्याच्या उन्हात अर्ध्या तासात कडकडीत होणारं कापड इथे कसं वागतं, ते तुम्हाला एका रात्रीत कळेल. साडीचा पदर बरा असेल, पण फॉल लावलेला काठ अजून ओला लागेल, कारण तिथे कापड दुहेरी आहे. परकराचा नेफा दाबून बघा, नाडी तर सगळ्यात शेवटी वाळते. आणि ब्लाउजचं अस्तर काखेत थंडगार लागेल.

यावरून लक्षात येईल की पावसाळ्यात अडवतात ते ब्लाउज आणि परकर. साड्या बारा पुरतात, पण बिनअस्तराचे ब्लाउज निदान दहा हवेत, आणि ते तीन-चार साड्यांवर चालतील अशा रंगांचे: काळा, कोकमाचा लाल, गडद हिरवा. परकर पातळ कापडाचे सहा तरी घ्या. आतले कपडे आता जेवढे लागतात त्याच्या दुप्पट. अर्धवट ओले कपडे घालून दिवस काढले की मांड्यांत आणि कंबरेला गजकर्ण होतं आणि मग ते महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. घाईच्या सकाळी ओलसर ब्लाउज अंगात घालायची वेळच येऊ नये, यासाठी हा साठा.

अंघोळीनंतर तो जाडजूड टर्किश टॉवेल वापरत असाल तर तो अकोल्यातच राहू दे. चार पंचे घेऊन जा. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा पातळ पंचा दमट हवेत किती शहाणा असतो, ते जुलैत समजतं. चादरींचंही तेच, जाड सोलापुरी चादर घरी ठेवा. स्वेटर एकही नको. रत्नागिरीची थंडी तुमच्या डिसेंबरच्या सकाळीसमोर काहीच नाही. बँकेतल्या एसीसाठी एक सुती स्टोल पुरे, कारण भिजलेल्या अंगाने एसीत बसलं की हुडहुडी भरते. त्याच कारणासाठी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक कोरडा जोड कायम ठेवा, अगदी परकरासकट.

आता कुर्त्यांचं. तुम्ही लिहिलंय, "या वयात, आणि तेही अधिकारी म्हणून." ताई, यातला कोणता भाग तुमचा आहे आणि कोणता तुम्ही लोकांच्या वतीने बोलताय, ते एकदा शांतपणे बघा. साडीत तुम्हाला खरंच बरं वाटत असेल, तर साडीच नेसा, वर सांगितलेल्या पातळ साड्यांमध्ये ते सहज जमतं. पण नेसायला आवडते म्हणून आणि न नेसल्यास काय म्हणतील म्हणून, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभ्या दगडाच्या उतारावरून पावसाचं लाल पाणी वाहत असतं, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात निऱ्या धरून ते ओलांडायचं असतं. पहिला आठवडा शाखेतल्या आणि बाजारातल्या बायकांकडे नीट बघा. पावसाचे चार महिने कुर्ता आणि घोट्याच्या वर राहणारी सुती पँट, आणि दसऱ्यापासून पुढे साड्या, अशी वाटणी करून बघायला काय हरकत आहे? अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग्ज तेवढ्या घेऊ नका, त्या घाम कोंडून ठेवतात. आणि खालचे काठ, पँटचे पायचे गडद रंगाचे असू द्या. ती माती लोहयुक्त आहे, फिकट कापडावर तिचा डाग बसला की ब्लीच टाकून तो आणखी पक्का होतो. घरी आल्या आल्या काठ साध्या पाण्याने खळबळून टाकणं हाच उपाय.

यामुळेच तुमचे २५ हजार जायच्या आधी संपवू नका असं सांगते. अकोल्याच्या दुकानात उभं राहून रत्नागिरीच्या पावसाची खरेदी कशी होईल? तिथल्या दुकानांत तिथल्या हवेला चालणारा माल असतो आणि शेजारीण कुठलं घ्यावं ते सांगतेही. निघायच्या आधी ब्लाउज तेवढे शिवून घ्या, कारण तुमचं माप तुमच्या शिंप्याला माहीत आहे. सात-आठ हजारांत ते आणि परकर होतील. उरलेल्या पैशांतून जुलैपर्यंत नवे कपडे घेऊ नका. पहिल्या महिन्यात काय खुपतंय ते कळलं की मग घ्या.

पायातलंही तिथेच घ्या. चामड्याच्या चपला आणि पर्स पावसाळ्यात नेऊच नका, आठवडाभर बंद राहिल्या तरी त्यांवर पांढरट बुरशी चढते. रबरी तळाच्या, खोल खाचांच्या उघड्या सँडल, दोन जोड, एकाआड एक दिवस. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, खाचा झिजलेली चप्पल त्यावर घसरते. बंद बूट घालून दिवसभर ओले पाय ठेवले की बोटांमध्ये चिखल्या होतात. रात्री बोटांच्या बेचक्या कोरड्या करून झोपायची सवय लावा.

खळीबद्दल लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण ती कडक घडी तुमच्या ओळखीचा भाग आहे. पण खळ म्हणजे तांदळाची किंवा साबुदाण्याची पेजच. दमट कपाटात बुरशीला आणि कसरीला याहून आवडतं खाणं नाही. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत खळ पूर्ण बंद. कपाटात ठेवायच्या सुती साड्यांमधली जुनी खळही धुऊन काढा आणि मगच ठेवा.

आईच्या साड्यांविषयी मला माझीच गोष्ट सांगायची आहे. माझं माहेर जालन्याचं आणि लग्नानंतर नऊ वर्षं मी वेंगुर्ल्यात काढली. पहिल्या गणपतीला आरतीसाठी आईचा शालू काढायला कपाट उघडलं. दुकानातून आणताना होता तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत मी तो नीट बंद करून ठेवला होता. काळजी म्हणूनच. पिशवी उघडली तर कुबट वास आला आणि घडीवर करड्या ठिपक्यांची रांग. शालूची जर घडीच्या रेषेवर काळवंडली होती. ड्रायक्लीनने वास गेला, ठिपके राहिले. शेजारच्या काकूंनी तो शालू हातात घेतला, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दोन जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या आणून दिल्या. "यात गुंडाळ. प्लॅस्टिकात ओल आत अडकते, सुतात ती बाहेर पडते."

त्यांच्याकडून शिकलेलं सगळं तुम्हाला देते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवायचं नाही, चार बोटं जागा सोडायची. कपडे ठासून भरायचे नाहीत. पावसाने दुपारची उघडीप दिली की कपाटाची दारं सताड उघडून पंखा लावायचा, आणि पाऊस सुरू झाला की लगेच बंद. कपडा वाळलाय का हे हाताने कळत नाही, तो गालाला लावायचा. गार लागला तर आत अजून ओल आहे. कपाटात ठेवण्याआधी इस्त्री फिरवायची, आणि इस्त्रीची ऊब पूर्ण गेल्यावरच घडी आत ठेवायची. डांबराच्या गोळ्या जरीला लागू द्यायच्या नाहीत. ओल शोषून घेणाऱ्या डब्या हल्ली मिळतात, त्या ठेवा आणि तळाशी पाणी साचलं की बदला. काही घरांत कपाटात विजेचा दिवा जळता ठेवतात. तुम्ही दिवसभर घरी नसाल, तेव्हा तो प्रकार करू नका.

पण तुमच्या टसर आणि पैठणीसाठी यातलं काहीच लागणार नाही, कारण त्या तुम्ही नेऊच नका असं माझं मत आहे. अकोल्याची कोरडी हवा रेशमाला फार मानवते. "काय देऊन टाकू" असं विचारलंत, त्यावरून वाटलं की जे नेणार नाही ते गेलंच, असं तुम्ही धरून चाललाय. तसं नाही. तुमचं घर अकोल्यात आहे, कपाट तिथेच आहे, सासूबाई आहेत. दर दिवाळीला घडी बदला, सावलीत वारा द्या. रत्नागिरीत गणपतीला नेसायला एखादी साधी रेशमी साडी पुरते. ८४ मधली एकही साडी यंदा कुणाला देऊ नका. एक पावसाळा जाऊ द्या, मग ठरवा.

घर बघायला गेलात की खोल्या मोजण्याआधी कपडे कुठे वाळतील ते बघा. वर छप्पर असलेली गॅलरी किंवा पडवी, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे येणार नाहीत पण वारा येईल. नसेल तर पंखा असलेली एक मोकळी खोली, तिच्यात आडव्या दोऱ्या. पहिल्याच आठवड्यात चांगल्या स्पिनचं वॉशिंग मशीन घ्या. २५ हजारांतले बरेचसे तिकडे जाऊ देत. कपड्यांवरच खर्च झाल्यासारखे ते आहेत. आणि धुणं रविवारवर टाकू नका. तिथे सात दिवसांचं धुणं एका दिवशी वाळत नाही. रोज रात्री दोन-तीन कपडे, पंख्याखाली, दोन कपड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवून.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी कुणी मुंबई, कोची, चेन्नई किंवा सिंगापूरला जात असेल, तर थोड्याफार फरकाने हेच लागू पडेल. कुणी कोकणातून विदर्भात किंवा मराठवाड्यात येत असेल, तर उलट करा. बिनबाह्यांचे पातळ कपडे घरात, बाहेर पडताना पूर्ण बाह्यांचं सैल सुती, आणि डोकं झाकायला दुपट्टा. मुलं-मुली कॅनडा किंवा जर्मनीला निघाली की आई-बाप इथूनच जाडजूड जाकिटं घेऊन देतात. तेही थांबवा असं सांगेन. बर्फाचा कोट तिथल्या दुकानातच घ्यावा. तिथे घरं आणि गाड्या आतून तापवलेल्या असतात, त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा काढता-घालता येणारे पातळ थर कामाचे. इथून न्यायचंच असेल तर आतले सुती कपडे आणि मोजे भरपूर न्यावेत.

आता ताई, तुमचा शेवटचा प्रश्न. पहिल्या दिवशी काय नेसू?

तुमची सगळ्यात आवडती जाड सुती साडी, खळ केलेली, कडक निऱ्यांची. मेचा शेवट आहे, पाऊस अजून आलेला नसेल, शाखेत एसी असेल. इतकी वर्षं ज्या साडीत तुम्ही काउंटरपलीकडे बसलात, तिच्यातच नव्या खुर्चीत बसा. घाम येईल, येऊ द्या. संध्याकाळी घरी आलात की मात्र ती साडी लगेच साध्या पाण्यात टाका, खळ पूर्ण निघेपर्यंत दोनदा खळबळा, आणि पहिल्या सुट्टीत अकोल्याला जाताना ती बॅगेत घाला.